गावलं नाही म्हणजे नाहीच काय?

वार्षिकांकासाठी लेख मागणारे विद्यार्थी संख्याशास्त्राच्या शिक्षकाकडे सगळ्यांत शेवटी येतात आणि तेही जरा संकोचानेच. मराठी विभागाचे असोत की कन्नड विभागाचे, दोघांच्याही चेहऱ्यावर एकच धास्ती असते : हे गृहस्थ आता पानभर सूत्रे लिहून देणार आणि ती छापायची कशी? यंदा मी दोन्ही विभागांना शब्द दिला आहे की, सूत्र एकही देणार नाही. देणार आहे ती एक कबुली. ज्या प्रकरणावर मी वर्षानुवर्षे प्रश्न काढले, उत्तरे तपासली आणि मुलांना नापास केले, त्याच प्रकरणात मी स्वतः एकदा सपशेल नापास झालो होतो. ते प्रकरण म्हणजे परिकल्पनेची कसोटी.

मी पूर्वी ज्या महाविद्यालयात होतो तिथली ही गोष्ट. खेड्यापाड्यांतून मराठी किंवा कन्नड माध्यमात दहावी होऊन आलेली मुले पहिल्या वर्षी इंग्रजीतून चाललेला तास ऐकताना कशी गांगरून जातात, हे सीमाभागातल्या शिक्षकाला सांगायला नको. माझ्या दोन सहकाऱ्यांनी, एक मराठीचे आणि एक कन्नडचे, अशा मुलांसाठी रोज सकाळी कॉलेज भरण्यापूर्वी एक तास इंग्रजीचा जादा वर्ग सुरू केला. मानधन काही नव्हते. खोली लहान म्हणून जागा बाराच, आणि नावे आली चोवीस. तेव्हा चिठ्ठ्या टाकून बारा मुले निवडली. उरलेली बारा वर्गाविना राहिली.

वर्षाअखेरीस परीक्षा झाली. वर्गातल्या बारा जणांची सरासरी शंभरांपैकी ४६ आली आणि वर्गाबाहेरच्या बारा जणांची ४१. पुढच्या वर्षी वर्ग चालू ठेवावा की नाही, असा प्रश्न वरिष्ठांपुढे आला. वीज, खोली, शिपायाची सकाळची पाळी असे खर्च होतेच. कोणी तरी म्हणाले, "आपल्याकडे संख्याशास्त्राचे प्राध्यापक आहेत, त्यांनाच विचारा." मला मोठी धन्यता वाटली. गुणांचे प्रमाण विचलन १२ च्या आसपास होते. मी टी-कसोटी लावली, किंमत आली एकच्या जेमतेम वर. २२ मुक्तिमात्रांना कोष्टकात पाच टक्के पातळीवर हवे होते २.०७. मी सुवाच्य अक्षरात अहवाल लिहिला : "वर्गाचा परिणाम सार्थक नाही." खाली सही ठोकली.

एवढ्यावर थांबलो नाही. हेच उदाहरण मी वर्गात फळ्यावर सोडवून दाखवले. मागच्या बाकावर त्या बारांतलाच एक मुलगा बसला होता. त्याने उभे राहून विचारले, "सर, गावलं न्हाई म्हणजे नाहीच म्हणायचं काय?" वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "कोष्टक बघ, बाळ."

पुढच्या वर्षी वर्ग बंद झाला. ठरावात लिहिले होते की, जादा वर्गाचा काहीही उपयोग होत नाही असे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झाले आहे. ते वाचून मला कससेच झाले. कारण मी "सार्थक नाही" असे लिहिले होते आणि वाचणाऱ्यांनी ते "निरर्थक आहे" असे वाचले होते. पण दोष त्यांना कसा द्यावा? फळ्याजवळ उभा राहून मी स्वतः तरी दुसरे काय म्हणालो होतो?

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर या लेखात देण्याचा माझा विचार आहे. त्यासाठी थोडे मागे, एका चहाच्या गोष्टीकडे जावे लागेल.

इंग्लंडात रॉथमस्टेड नावाचे शेतीसंशोधनाचे जुने केंद्र आहे. तिथे १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचा तरुण संख्याशास्त्रज्ञ कामाला लागला. एके दिवशी चहाच्या वेळी त्याने म्युरिएल ब्रिस्टल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंपुढे चहाचा कप धरला. बाईंनी तो नाकारला. त्यांचे म्हणणे असे की, कपात आधी दूध आणि मग चहा ओतलेला त्यांना आवडतो, आणि आधी काय ओतले आहे ते त्यांना चवीवरून कळते. मंडळींना ही थट्टा वाटली. तेव्हा परीक्षा घ्यायचे ठरले. हीच कल्पना पुढे १९३५ साली फिशरने प्रयोगांच्या आखणीवरील आपल्या पुस्तकात मांडली, अर्थात बाईंचे नाव न घेता.

त्या पुस्तकातली मांडणी अशी. आठ कप घ्या. चारांत आधी दूध, चारांत आधी चहा. कप कोणत्याही ठरावीक क्रमाने न देता सरमिसळ करून द्या. बाईंनी फक्त आधी दूध घातलेले चार कप वेगळे काढायचे. आता क्षणभर धरून चालू की बाईंना काहीही कळत नाही, त्या निव्वळ अंदाजाने कप उचलतात. या धरून चालण्याला म्हणायचे शून्य परिकल्पना. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत, आणि त्यांतला बरोबर एकच. म्हणजे नुसत्या अंदाजाने चारही कप अचूक निघण्याची संभाव्यता सत्तरात एक, सुमारे दीड टक्का. बाईंनी चारही अचूक काढले तर आपल्यापुढे दोन मार्ग उरतात : एक तर सत्तरात एकदा घडणारा योगायोग घडला असे मानायचे, नाही तर "बाईंना काही कळत नाही" हे आपले धरून चालणेच सोडून द्यायचे. फिशरच्या मते दुसरा मार्ग शहाणपणाचा. आणि बाईंनी एक कप चुकवला तर? निदान तीन कप बरोबर निघण्याचे प्रकार १७ भरतात. सत्तरात सतरा म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के. असा योगायोग रोज घडू शकतो. त्यावरून परिकल्पना सोडता येणार नाही.

परिकल्पनेच्या कसोटीचा सारा गाभा एवढाच आहे. आधी "काही विशेष नाही" असे मानायचे, मग ते मानणे हातातल्या पुराव्याशी किती विसंगत आहे ते मोजायचे. न्यायालयातही आरोपीला निर्दोष मानूनच सुरुवात होते. पुरावा भक्कम असला तर ते मानणे मोडते. पुरावा अपुरा असला तर संशयाचा फायदा देऊन आरोपी सुटतो. पण संशयाचा फायदा मिळून सुटलेल्या प्रत्येक माणसाने गुन्हा केलाच नव्हता असे कोणी शहाणा म्हणत नाही. फिशरनेही त्याच पुस्तकात बजावले आहे की, प्रयोगाने शून्य परिकल्पना मोडली जाऊ शकते, ती सिद्ध मात्र कधीच होत नाही. आम्ही शिक्षक नेमके हेच वाक्य वगळतो आणि फळ्यावर लिहितो, "म्हणून शून्य परिकल्पना स्वीकारली." विद्यार्थी ते वहीत उतरवतो आणि जन्मभर तसेच समजतो.

आता याच चहाच्या गोष्टीला मी थोडा फाटा देतो, कारण माझी चूक त्यात लपलेली आहे. समजा, चहा महाग झाला म्हणून आठांऐवजी चारच कप मांडले, दोन एका तऱ्हेचे आणि दोन दुसऱ्या. चारांतून दोन निवडण्याचे प्रकार सहा. बाईंनी दोन्ही कप अचूक ओळखले तरी अंदाजाने तसे घडण्याची संभाव्यता सहात एक, म्हणजे जवळजवळ सतरा टक्के. पाच टक्क्यांची अट घातली असेल तर बाई साक्षात अन्नपूर्णा असल्या तरी या परीक्षेत उत्तीर्ण होऊच शकत नाहीत! परीक्षेचा निकाल परीक्षेपूर्वीच लागलेला आहे. बाईंच्या जिभेत दोष नाही, कप कमी पडले.

या उणिवेला नाव आणि माप दिले जेर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन या दोघांनी, १९३३ साली. त्यांनी सांगितले की कसोटी लावताना चुका दोन प्रकारच्या होतात. काही नसताना "आहे" म्हणणे ही पहिल्या प्रकारची चूक, आणि असताना "दिसत नाही" म्हणून सोडून देणे ही दुसऱ्या प्रकारची. पहिली चूक पाच टक्क्यांवर रोखून धरली म्हणून दुसरी आपोआप लहान होत नाही. उलट नमुना लहान असेल तर ती भलतीच वाढते. खरोखर असलेला फरक पकडण्याची जी संभाव्यता, ती कसोटीची ताकद. फिशरचे या दोघांशी पुढे पटेनासे झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एकाच इमारतीत बसून त्यांनी एकमेकांवर तोफा डागल्या. त्याच कॉलेजात त्याच दशकात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे शिकत होते. पुढे त्यांनी भारतीय शेतीच्या नमुना पाहणीला शिस्त लावली. आणि कसोट्यांच्या शास्त्रात ज्यांचे नाव जगभर घेतले जाते ते सी. आर. राव १९२० साली जन्मले ते आपल्या कर्नाटकातल्या हूविनहडगलीला. तेव्हा हा विषय विलायती आहे, आपल्याला कसा जमणार, ही सबब मराठी विभागालाही चालायची नाही आणि कन्नड विभागालाही नाही.

आता माझ्या बारा आणि बारा मुलांकडे वळू. मुलाने विचारले तेव्हा मी जे करायला हवे होते, ते बऱ्याच वर्षांनी एका रात्री केले. असे धरले की वर्गाचा उपयोग खरोखरच पाच गुणांचा आहे. एकेचाळिसाचे शेहेचाळीस म्हणजे काय, हे काठावरच्या मुलाला विचारावे. मग हिशेब मांडला की, विचलन १२ असताना, दोन्ही गटांत बारा-बारा मुले घेऊन, हा खरा असलेला फरक माझ्या कसोटीला कितीदा सापडला असता? उत्तर आले : सुमारे सहा वेळांत एकदा. उरलेल्या पाच वेळा, वर्ग उपयोगी असूनही, मी तोच अहवाल त्याच सुवाच्य अक्षरात लिहिला असता. पाच गुणांचा फरक पाचांत चार वेळा तरी सापडावा असे वाटत असेल तर प्रत्येक गटात सुमारे ९० मुले हवी होती. माझ्याकडे होती बारा. मी चार कपांवर बाईंची परीक्षा घेतली होती.

आणखी एक हिशेब केला, तो तर अधिक लाजिरवाणा. त्याच आकड्यांवरून खऱ्या फरकाची ९५ टक्के विश्वासाची मर्यादा काढली. खालची मर्यादा आली उणे ५ आणि वरची १५. म्हणजे माझी आकडेवारी सांगत होती : वर्गामुळे पाच गुणांचे नुकसान होत असेल, काहीच होत नसेल किंवा पंधरा गुणांचा फायदाही होत असेल, मला या बारांवरून सांगता येत नाही. ही प्रामाणिक भाषा होती. हेच वाक्य मी अहवालात लिहिले असते तर कोणाही वरिष्ठाने त्यावरून वर्ग बंद केला नसता, फार तर म्हणाले असते, "आणखी दोन वर्षे चालवून बघा." अज्ञानाला मी निर्णयाचे कपडे चढवले, आणि त्यावर शास्त्राची इस्त्री फिरवली.

इथे आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. "सार्थक" हा शब्द संख्याशास्त्राने उचलला, पण घरात त्याचा अर्थ वेगळाच आहे. मुलीचे लग्न झाले की आजी म्हणते, जन्माचे सार्थक झाले. जे सार्थक नाही ते वाया गेले, हे मराठी माणसाच्या रक्तातच आहे. संख्याशास्त्राच्या सार्थकतेचा अर्थ मात्र फार कोता आहे : नुसत्या योगायोगाने इतका फरक क्वचितच पडला असता, एवढेच. फरक मोठा आहे की क्षुल्लक, उपयोगाचा की बिनउपयोगाचा, हे त्यात येत नाही. लाखभर मुलांचा नमुना घेतला तर अर्ध्या गुणाचा फरकही सार्थक ठरेल, आणि त्या अर्ध्या गुणासाठी कोणी पहाटे उठणार नाही.

बरे, ही पाच टक्क्यांची लक्ष्मणरेषा तरी कोणी आखली? फिशरने १९२५ साली संशोधकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ती सोयीची म्हणून वापरली. प्रमाण विचलनाच्या जवळजवळ दुपटीशी ती जुळते, हे तिचे पुण्य. विसांत एक हे प्रमाण कोणाला पुरेसे वाटत नसेल तर त्याने पन्नासांत एक किंवा शंभरांत एक घ्यावे, असे त्यानेच पुढच्या वर्षी लिहिले. पण त्या काळी सगळी कोष्टके हातांनी काढावी लागत, पुस्तकात मोजकेच स्तंभ छापले जात, आणि छापलेल्या स्तंभाला हळूहळू वेदवाक्याची प्रतिष्ठा आली. आज खिशातला मोबाइलही नेमकी संभाव्यता सांगतो. तरी ४.९ टक्के आले की पेढे आणि ५.१ आले की सुतक, ही आमची तऱ्हा सुटत नाही.

त्या नेमक्या संभाव्यतेविषयीही, जिला पी-मूल्य म्हणतात, एक गैरसमज चांगल्या चांगल्यांना असतो. माझ्या प्रयोगात ती सुमारे ३२ टक्के होती. याचा अर्थ "वर्ग निरुपयोगी असण्याची शक्यता ३२ टक्के" असा नव्हे. अर्थ असा की, वर्ग निरुपयोगी आहे असे धरले, तर इतका किंवा याहून मोठा फरक, या बाजूला किंवा त्या, शंभरांत बत्तीस वेळा आपोआप पडेल. ही दोन विधाने एक नव्हेत. रणजी खेळणारा खेळाडू कधी तरी कॉलेजात गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे; म्हणून कॉलेजात जाणारा मुलगा रणजी खेळणारा असण्याची शक्यता मोठी ठरत नाही. उलटसुलट केल्याने वाक्य बदलते. अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेला २०१६ साली जाहीर निवेदन काढून हेच सांगावे लागले : पी-मूल्य म्हणजे परिकल्पना खरी असण्याची शक्यता नव्हे, ते परिणामाचा आकार सांगत नाही, आणि निव्वळ एक रेषा ओलांडली की नाही एवढ्यावरून निर्णय घेऊ नयेत. मोठमोठ्या संशोधकांना जे सांगावे लागते ते आम्हा कॉलेजातल्यांना समजले नाही यात नवल नाही. नवल आहे ते आम्ही अजून तसेच शिकवतो याचे.

कोणी म्हणेल, मग ही कसोटी फेकूनच का देऊ नये? तसे म्हणणारे विद्वानही आहेत. माझे मत मात्र तसे नाही. कसोटी नसेल तर प्रत्येक जण आपापल्या सोयीचा फरक दाखवत सुटेल. ज्याला वर्ग हवा तो ४६ आणि ४१ दाखवून ढोल वाजवील, आणि ते पाच गुण निव्वळ चिठ्ठ्यांचा खेळ असू शकतील हे विसरेल. आपल्या लाडक्या मतावर सर्वांआधी आपणच संशय घ्यायचा, ही कसोटीची शिकवण मोठी आहे. मराठीतला आणि कन्नडातला "संदेह" हा शब्द एकच आहे, आणि या शास्त्राचा तोच प्राण आहे. माझी तक्रार कसोटीविषयी नाही, संदेह अर्ध्यावर सोडून देण्याविषयी आहे. "आहे" म्हणताना आम्ही शंभरदा कचरतो आणि "नाही" म्हणताना एकदाही कचरत नाही. संदेह दोन्ही बाजूंना सारखा हवा.

म्हणून माझ्या सहकाऱ्यांना तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली : फळ्यावर "परिकल्पना स्वीकारली" हे लिहिणे आजपासून बंद करू या, "फेटाळण्याइतका पुरावा मिळाला नाही" हे लांबलचक वाक्यच लिहू या, भले खडू जास्त झिजो. दुसरी : कसोटी लावण्याआधी, आकडे जमवण्याआधी, दोन प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावू या. किती फरक पडला तर तो माणसांच्या दृष्टीने महत्त्वाचा? आणि तेवढा फरक असेल तर आपल्या नमुन्याला तो दिसेल का? तिसरी : परीक्षेत एक प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर आकड्यात नव्हे, चार वाक्यांत द्यावे लागेल, तुझ्या निष्कर्षातून काय कळले आणि काय कळले नाही ते सांग. यांतली दुसरी अर्धी बाजू ज्याला लिहिता येईल त्याला विषय समजला.

आणि विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे. उद्या तुम्ही कचेरीत, बँकेत, दवाखान्यात, सरकारी खात्यात जाल. तिथे कोणी तरी एक कागद पुढे ठेवील आणि म्हणेल, या योजनेचा, या औषधाचा, या शाळेचा काही परिणाम आढळला नाही. त्या वेळी घाबरू नका आणि कोष्टकाकडेही लगेच धावू नका. किती कप मांडले होते, ते विचारा.

तो मुलगा पुढे कुठे गेला मला ठाऊक नाही. त्या वर्षीच्या सत्रपरीक्षेत, याच प्रकरणावरच्या प्रश्नाला, त्याने शेवटी लिहिले होते, "फरक आढळला नाही, पण असूही शकेल." ठरलेल्या नमुन्याप्रमाणे "म्हणून शून्य परिकल्पना स्वीकारली" हे वाक्य नव्हते म्हणून मी त्याचा एक गुण कापला होता. तो गुण माझ्याकडे अजून बाकी आहे.